आवाज आहे ना? मग ठीक

आमच्या ऑफिसातले पाटकर बाथरूमला जाण्याआधी कीबोर्डची परवानगी घेतात.

खुर्ची मागे सरकवतात, उभे राहतात, पुन्हा वाकतात आणि कीबोर्डच्या अगदी जवळ तोंड नेऊन हळूच म्हणतात, "दोन मिनिटं हां. आलोच." मग जातात. आणि खरोखर दोन मिनिटांत येतात. परत आले की बसण्याआधी उभ्याउभ्याच चार बटणं दाबतात, खट् खट् खट् खट्, आणि मगच बूड टेकतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातला चहा हिंदकळला. माझं टेबल त्यांच्या शेजारी आहे, आणि मी मुळातच भित्री आहे.

भित्री म्हणजे अगदी नावाजलेली भित्री. लिफ्टमध्ये एकटी सापडले तर मी बाहेर येऊन जिना धरते. कुरिअरवाल्याने माझं नाव मोठ्याने पुकारलं तरी आपलं काय चुकलं ते आठवू लागते. या ऑफिसात हजेरी, स्टेशनरी, चहापाणी आणि साहेबांची बोलणी ही सगळी खाती माझ्याकडे आहेत, म्हणून सगळे मला 'सोनावणे मॅडम' म्हणतात. राहते ठाण्याच्या पुढे दिव्याला, एकटी. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन नागपूरला. संध्याकाळी घरी माझी वाट बघणारं कोणी असेल तर ती सातला येणारी आणि साडेसातला जाणारी नळाची धार. अशा बाईच्या शेजारी कीबोर्डशी बोलणारा माणूस बसवायचा नसतो, पण ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या गाळ्यात जागा असते तिथे माणूस बसतो.

आमचं काम साधं आहे. केमिकलच्या पिंपांवर जी लेबलं असतात ना, कवटीचं चित्र, आगीचं चित्र, 'डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवा', ती आम्ही तयार करतो. मजकूर मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत पाटकर टाइप करतात. त्याआधी ते डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत वीसेक वर्षं ऑपरेटर होते. तिथे स्फोट झाला, कंपनी बंद पडली, आणि पन्नाशी गाठलेला माणूस क्लास लावून टायपिंग शिकला. त्यामुळे पिंपात काय असतं हे खरोखर माहीत असलेला माणूस आमच्यात एकच. बाकीच्यांना कवटी म्हणजे डिझाइन वाटते.

एकदा एका ॲसिडच्या लेबलावर, सगळ्या सूचनांच्या खाली, त्यांनी स्वतःच्या मनाने एक शब्द वाढवला. 'पळा.' सगळी लेबलं छापून झाल्यावर ते कुणाच्या तरी लक्षात आलं. मी विचारायला गेले तर म्हणाले, "चुकलं काय त्यात, मॅडम? वरचं वाचत बसायला टाइम कोणाला असतो?"

आता कीबोर्ड. ऑफिसने दिलेला पातळ, गुळगुळीत, मुका कीबोर्ड त्यांनी पहिल्याच दिवशी प्लास्टिकमध्ये गुंडाळून माझ्या कपाटात जमा केला, आणि पिशवीतून टॉवेलमध्ये बांधलेला स्वतःचा काढला. मेकॅनिकल कीबोर्ड. गेम खेळणारी पोरं वापरतात तो. वजनाला पाट्यासारखा, प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग, आणि बटण दाबलं की एक खट् खाली जाताना, दुसरं वर येताना. शिवाय आतून निळे-जांभळे दिवे लागायचे. ते बंद कसे करायचे हे त्यांनाही कळेना आणि आम्हालाही. दोन दिवस गणपतीची आरास केल्यासारखं त्यांचं तोंड उजळून निघत होतं. शेवटी कडेकडेने काळी टेप मारली.

हा घेताना दुकानदाराशी त्यांचं काय बोलणं झालं ते त्यांनीच मला सांगितलेलं. "मी बोललो, सगळ्यात जास्त आवाजाचा द्या. तो बोलला, काका, लोक कमी आवाजाचा मागतात. मी बोललो, लोकांचं सोडा. तिथेच उभं राहून सहा वाजवून बघितले, मग हा घेतला." कीबोर्ड वाजवून बघितला, हे त्यांचे शब्द. मला तेव्हा फक्त हसू आलं.

या कीबोर्डवर पाटकर जे टाइप करायचे त्याला टाइप करणं म्हणवत नाही. चौदा माणसांच्या ऑफिसात तेरा जणांना फोनवर ओरडून बोलावं लागायचं. एका पार्टीने मला विचारलं होतं, "मॅडम, तुमच्याकडे लाह्या फोडतात का?" आणि तो आवाज थांबायचाच नाही. माणूस टाइप करताना मध्ये विचार करतो, मान खाजवतो, थोडा गप्प बसतो. पाटकर विचार करतानासुद्धा एका अंगठ्याने स्पेसबार दाबत राहायचे. मग ओळीच्या शेवटी ती सगळी मोकळी जागा बॅकस्पेसने पुसायचे, तीही खटखटत. मी एकदा म्हटलं, "अहो, रिकामं कशाला दाबता?" तर म्हणाले, "आवाज आहे ना? मग ठीक."

हे त्यांचं पालुपद. पंखा घरघरला, प्रिंटर कण्हला, खालच्या मजल्यावरचं प्रेस मशीन धाडधाड करू लागलं की आम्ही कपाळाला आठ्या घालायचो आणि पाटकर समाधानाने मान हलवायचे. आवाज आहे ना? मग ठीक. वीज गेली आणि सगळं एकदम शांत झालं की मात्र त्यांचा चेहरा बघवत नसे. एकदा असंच झालं तेव्हा त्यांनी मला त्यामागचं कारण सांगितलं.

"मॅडम, रिॲक्टर म्हणजे एक मोठं बंद भांडं. आत माल शिजत असतो, आणि एक पंखा तो ढवळत असतो. पंखा फिरतोय तोपर्यंत घर्रर्र आवाज येतो. नवीन पोरं त्या आवाजाला घाबरतात. उलटं आहे. लाइट गेली, पंखा थांबला, की सगळं शांत होतं, आणि आतला माल आपला आपण तापायला लागतो. शांत झालं की समजायचं, आता पळायचं."

"आणि तुम्ही पळालात?"

"पळालो ना. म्हणून इथे बसलोय." एवढं बोलून ते पुन्हा टाइप करू लागले.

त्या दिवसापासून माझं वाटोळं झालं. आधी मी आवाजांना घाबरत होते, आता शांततेलाही घाबरू लागले. घरी फ्रिज बंद झाला की मी अंथरुणात उठून बसायची. गॅस तीनदा बघायची. पाटकरांनी आमच्या खिडकीला जुन्या साडीची लाल पट्टी बांधली होती, वारा कुठून कुठे वाहतो ते दिसावं म्हणून. वाऱ्याच्या तोंडावर किंवा पाठीवर पळायचं नाही, आडवं पळायचं, असं त्यांचं शास्त्र. सकाळी आले की आधी पट्टी बघायचे आणि जाहीर करायचे, "आज मुलुंडकडे." मग पाणी प्यायचे. मी भाचीच्या लग्नाला कल्याणला गेलेले, तर हॉलमध्ये शिरल्यावर नवरीच्या आधी मागचा दरवाजा शोधला.

शिवाय दर महिन्याला त्यांची एक कवायत असायची. साहेब जेवायला बाहेर गेले की ते आम्हाला जिन्यावरून उतरवायचे. उजव्या बाजूने, कठड्याला हात, मागे वळायचं नाही, खाली वडाखाली उभं राहून आपापला नंबर मोठ्याने बोलायचा. माझा नंबर नऊ. त्यांचा स्वतःचा चौदा, कारण ते बाथरूम आणि प्रिंटरची खोली बघून शेवटी यायचे. लोक 'भित्रे पाटकर' म्हणून हसायचे, पण उतरायचे. तेवढ्यात वडापाव खाऊन होत असे.

राहता राहिला ड्रॉवर. पाटकरांच्या टेबलाचा वरचा ड्रॉवर सदैव चार बोटं उघडा असायचा. दिवसातून सात-आठ वेळा ते पेन्सिल शोधल्यासारखे खाली वाकायचे, कान ड्रॉवरच्या फटीशी नेऊन थोडा वेळ तसेच राहायचे आणि वर येताना चेहऱ्यावर निवांतपणा असायचा. कुणी म्हणे आत महाराजांचा फोटो आहे, कुणी म्हणे तपकीर. डिस्पॅचच्या लोकांचा पक्का समज होता की आत क्वार्टर आहे. मला मात्र वाटायचं की आत काहीतरी जिवंत आहे. मी त्या ड्रॉवरच्या बाजूने कधीच जायची नाही.

असं सगळं चाललेलं असताना आमच्याकडे निखिल सर आले.

निखिल सर म्हणजे मालकांचे नवे मॅनेजर, वय तीसच्या आतलं, बूट पांढरे. आल्या आल्या त्यांनी तीन गोष्टी केल्या. ऑफिसचा लँडलाइन फोन बंद केला. टेबलावर मोबाइल दिसला तर जप्त, असा नियम काढला. आणि भिंतीवर पाटी लावली, 'शांतता क्षेत्र'. पाटी पाटकरांच्या डोक्याच्या बरोबर वर होती. पाटीच्या खाली खटखट चालूच राहिली.

आठवड्याभराने सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, उद्या मोठ्या पार्टीची माणसं येतायत ऑडिटला. तो काकांचा कीबोर्ड मला उद्या दिसायला नकोय. म्हणजे ऐकायला नकोय. तुम्ही करा काय ते. नाहीतर मला काकांचाच विचार करावा लागेल."

मी पाटकरांना सांगायला गेले. खरंच गेले. त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले, त्यांनी मान वर करून "काय, मॅडम?" म्हटलं, आणि मी म्हटलं, "काही नाही, स्टेपलरच्या पिना हव्यात का?" या वयात पन्नाशीच्या माणसाला 'तुमचं खेळणं काढा' असं कसं सांगायचं? आणि नाही सांगितलं तर त्यांची नोकरी जाणार. रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी मी ठरवलं की सांगायचंच नाही, ते उठले की गुपचूप बदलायचा.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पार्टीची दोन माणसं आली. सरांनी केबिनच्या दारातून हाक मारली, "पाटकर काका, दोन मिनिटं." पाटकर उठले, वाकले, कीबोर्डला म्हणाले, "दोन मिनिटं हां. आलोच." आणि आत गेले. दार लागलं.

मी लगेच उठले. कपाटातून ऑफिसचा मुका कीबोर्ड काढला, त्यांच्या कीबोर्डची वायर ओढली आणि तो उचलला. मला वजनाचा अंदाज नव्हता. घामेजल्या हातातून तो सटकला आणि पत्र्याच्या टेबलावर असा आदळला की सगळ्यांनी मान वळवली. धाड्! मी घाबरून तो छातीशी धरला, आणि जाता जाता गुडघ्याने त्यांचा तो उघडा ड्रॉवर लोटून बंद केला. कपाटात कीबोर्ड ठेवला, कुलूप लावलं, जागेवर येऊन बसले.

ऑफिस शांत झालं. इतकं शांत की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. लोक एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं होतं सगळ्यांना बरं वाटेल. पण डिस्पॅचची माणसं खुर्चीत चुळबुळत होती, आणि कुणीतरी उठून उगीचच पंखा मोठा केला.

आणि मग ड्रॉवर गुरगुरला.

घूंऽऽ. घूंऽऽ. थांबला. पुन्हा घूंऽऽ. दोन-चार वेळा झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा मोबाइल आहे, आणि दुसऱ्याच क्षणी आणखी भीती वाटली, कारण सरांनी ऐकलं तर कीबोर्ड वाचेल पण पाटकर जातील. मी ड्रॉवर उघडून फोन घ्यायला हवा होता. कुणाचा आहे ते बघायला हवं होतं. पण दुसऱ्याचा ड्रॉवर, दुसऱ्याचा फोन, आणि मी म्हणजे मी. मी काय केलं तर त्यांचा टॉवेल घेतला, ड्रॉवर बोटभर उघडला, न बघता टॉवेल आत कोंबला आणि ड्रॉवर पुन्हा बंद केला. गुरगुर बारीक झाली. ती तासभर चालू होती, आणि नंतर थांबली. थांबली तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला, हे मला कबूल केलं पाहिजे.

दोन मिनिटं म्हणून आत गेलेले पाटकर काही बाहेर येईनात. पार्टीच्या माणसांना पिंपांबद्दल सगळं विचारायचं होतं, आणि सरांना त्यातलं काहीच येत नव्हतं.

साडेबाराला इंटरकॉमवर वॉचमनचा मला फोन आला. "मॅडम, नीचे एक औरत आयी है. पूछ रही है, ब्लास्ट किधर हुआ."

"ब्लास्ट?" मी म्हटलं. म्हटलं म्हणजे किंचाळले.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. महिनोन् महिने वडापावासाठी जिना उतरलेली बारा माणसं एकाच वेळी उठली. कोणी ओरडलं नाही, कोणी धावलं नाही. उजव्या बाजूने, कठड्याला हात. केबिनचं दार उघडून सर बाहेर आले आणि "काय झालं, काय झालं?" करत पार्टीच्या माणसांसकट रांगेत शिरले. पाटकर मागे ओरडत होते, "चला, चला, वळायचं नाही!" आणि प्रिंटरच्या खोलीकडे पळत होते. मीही कठडा धरून उतरत होते.

खाली वडापाशी एक बाई उभी होती. साधारण पन्नाशीची, घरातल्या गाऊनवर ओढणी, एका पायात निळी चप्पल, दुसऱ्या पायात तपकिरी. तिने सगळ्यांत आधी माझा दंड पकडला.

"वर कोण राहिलंय का?"

"तुम्ही कोण?"

"पाटकर कुठायत? अहो, मी फोनवर होते. धाड् करून आवाज आला आणि टायपिंग थांबलं. मी किती फोन लावले. किती लावले. उचलेनात."

चार बोटं उघडा ड्रॉवर. रिकामा स्पेसबार. दोन मिनिटं हां, आलोच. ते कीबोर्डशी बोलत नव्हते. सकाळी ऑफिसात आल्यापासून निघेपर्यंत ड्रॉवरमध्ये फोन चालू असायचा, आणि डोंबिवलीला ही बाई स्वयंपाकघरात दुसरा फोन ओट्यावर ठेवून ती खटखट ऐकत असायची. मी तो आवाज काढून घेतला होता, आणि वर तिचा फोन टॉवेलने दाबला होता.

मला तिला काहीतरी सांगायचं होतं. पण तेवढ्यात मागे मोजणी सुरू झाली.

"एक." "दोन." "तीन."

ती माझा दंड सोडून त्या माणसांकडे बघू लागली. एकेक तोंड बघत होती. आठ झालं, आणि मी "नऊ" म्हटलं. दहा. अकरा. मध्येच सर ओरडले, "माझा नंबर काय?" बारा. तेरा.

पुढे काही नाही.

मला माहीत होतं की वर काहीही झालेलं नाही. मला माहीत होतं की पाटकर बाथरूमची दारं उघडून बघत असतील. तरीसुद्धा त्या तेराच्या पुढच्या शांततेत मला जी भीती वाटली ती आयुष्यात कधी वाटली नव्हती. ती बाई मुळीच रडत नव्हती. नुसती जिन्याच्या दाराकडे बघत ओठांनी काहीतरी मोजत होती.

"चौदा," दारातून पाटकर म्हणाले.

मग त्यांना ती दिसली. ते आमच्या सगळ्यांमधून सरळ तिच्यापाशी आले आणि अपराध्यासारखे उभे राहिले.

"अगं, मीटिंगला बसवलेलं. सांगायचं राहिलं."

तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि एकेक बोट दाबून बघितलं.

"दहाही आहेत," पाटकर म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली, आणि मग मात्र वडाच्या पारावर बसून रडली. मीही बसले आणि रडले. मी तिला सगळं सांगितलं, कीबोर्ड, धाड्, ड्रॉवर, टॉवेल. सरांच्या समोर सांगितलं. ती माझ्यावर रागावली असती तर फार बरं झालं असतं. तिने नुसती माझ्या पाठीवरून हात फिरवला.

वहिनींना चहा देऊन वॉचमनच्या केबिनमध्ये बसवल्यावर पाटकर माझ्यापाशी आले.

"कंपनीत फोन आत न्यायला बंदी होती, मॅडम. गेटवर लॉकर होते, त्यात ठेवायचे. त्या दिवशी स्फोट झाला तेव्हा हिने घरातून ऐकला. काचा फुटल्या आमच्या. ही पळत गेटवर आली. मी आत माणसं काढत होतो, संध्याकाळपर्यंत. ही बाहेरून मला फोन लावत होती आणि समोर लॉकर वाजत होते. एक नाही, सगळे. सगळ्यांच्या घरचे लावत होते ना. मी बाहेर आलो, माझा घेतला. पण काही लॉकर नंतर पण वाजत होते. हिने ते ऐकलेत. तेव्हापासून मी दिसलो नाही तर आवाज तरी पाहिजे तिला. साध्या कीबोर्डचा फोनमध्ये जात नाही. हा तिनेच पसंत केलाय, दुकानातून फोनवर ऐकून."

"मग आम्हाला सांगायचं ना. आम्ही तुम्हाला भित्रे म्हणत होतो."

"बरंच होतं की ते. मला भित्रा म्हटलेलं चालतं. तिला कोणी वेडी म्हटलेलं नाही चालणार."

निखिल सरांनी दोन दिवस सगळ्यांशी बोलणं टाकलं होतं. पण पार्टीच्या माणसांनी जाताना लिहून दिलं की इतकी शिस्तीत इमारत रिकामी करणारं ऑफिस त्यांनी पाहिलेलं नाही, आणि सरांनी ती कवायत आपलीच असल्यासारखी मान डोलावली. त्यानंतर कीबोर्डचं किंवा ड्रॉवरमधल्या फोनचं नाव त्यांनी काढलं नाही. फक्त पाटकरांचं टेबल काचेच्या पलीकडे, प्रिंटरच्या खोलीत हलवलं. पाटी होती तिथेच आहे. तिच्याखाली आता मी बसते.

आणि पाटकरांना कुठे जायचं असलं की ते काचेवर टकटक करतात. मी उठून त्यांच्या खुर्चीत बसते. पहिल्या दिवशी काय टाइप करायचं ते मला सुचेना, म्हणून समोरचं लेबल पुन्हा उतरवू लागले. थंड व कोरड्या जागी ठेवा. उन्हापासून दूर ठेवा. बटणं माझ्या बोटांना फार जड जात होती. मग मी त्यांच्यासारखी वाकले आणि ड्रॉवरला कान लावला. आत कुकरची शिट्टी वाजत होती, कुणीतरी भांडं खाली ठेवलं, नळ सोडला. पाटकर दिवसातून सात-आठ वेळा हेच ऐकायला वाकत होते. आमची समजूत चुकली नव्हती, भित्रे तेही होतेच. फक्त त्यांची भीती डोंबिवलीच्या त्या ओट्यावर होती.

"सोनावणे ताई ना?" आतून आवाज आला. मी दचकले.

"कसं ओळखलंत?"

"हे ठोकतात. तुम्ही घाबरत घाबरत दाबता. हे कुठेयत?"

"खाली गोडाऊनला. पाच मिनिटांत येतील."

"बरं. दाबत राहा." मागे नळ चालूच होता. "ताई, तुम्ही दिव्याला ना? घरी किती वाजता पोचता?"

"सातपर्यंत. पाणी यायच्या आत."

"घरी कोण असतं?"

"कोणी नाही."

नळ बंद झाला. "मग पोचलात की मला एक मिस्ड कॉल द्यायचा. रोज. मला चैन पडत नाही हो."

अकरा वर्षं मी दिव्याला उतरते, जिना चढते, कुलूप काढते. मुलगी रविवारी न चुकता फोन करते, जावई चांगले आहेत, तक्रार कसलीच नाही. पण मी पोचले की नाही हे रोज कुणाला कळायला हवंय, असं कुणी म्हटलं नव्हतं. मी नुसता स्पेसबार दाबत राहिले.

त्या संध्याकाळी घरी आले, दिवा लावला, आणि नळाखाली बादली ठेवायच्या आधी फोन काढला. एक रिंग देऊन कापायचा होता. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिकडून उचलला.

"पोचलात?"

"हो."

"मग ठीक," वहिनी म्हणाल्या.